लग्नाआधीचा कागद

इंग्लंडमधल्या वूस्टरच्या बिशपच्या नोंदवहीत २७ नोव्हेंबर १५८२ या तारखेखाली एक त्रोटक नोंद आहे. विल्यम शॅक्स्पेअर आणि टेंपल ग्राफ्टन गावची अ‍ॅना व्हेटली यांना लग्नाचा परवाना दिल्याची ती नोंद. दुसऱ्याच दिवशी त्याच कचेरीत दोघा शेतकऱ्यांनी ४० पौंडांचे हमीपत्र लिहून दिले. त्यात वर तोच, आडनावाचे स्पेलिंग थोडे निराळे. वधू मात्र स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नाटककाराच्या लग्नाचा पुरावा म्हणून आपल्याकडे एवढेच आहे. लग्न कोणत्या चर्चमध्ये लागले, कोणत्या तारखेला लागले, याची नोंद आजवर सापडलेली नाही.

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने ही दोन कागदांची गोष्ट नीट समजून घ्यावी. जुन्या विवाह परवान्यांतून किती मिळते आणि वाचणारा कुठे फसतो, हे दोन्ही तिच्यात आहे.

त्या काळी लग्न ठरले की चर्चमध्ये तीन रविवारी त्याची जाहीर घोषणा होई. कुणाची हरकत असेल तर त्याने ती तिथेच उठून सांगायची. ज्यांना ही घोषणा नको असे किंवा तेवढा वेळ नसे, ते पैसे भरून बिशपच्या कचेरीतून परवाना घेत. जहाजावर निघालेला खलाशी, पलटणीचा हुकूम आलेला सैनिक, दुसऱ्या लग्नाची चर्चा नको असलेला विधुर, दिवस गेलेली वधू, अशी माणसे या रांगेत असत. पुढे पुढे परवान्याने लग्न करणे प्रतिष्ठेचेही झाले आणि घाई नसलेली खाऊनपिऊन सुखी घरेही तो काढू लागली.

परवान्यासाठी दोन कागद तयार होत. एक शपथेवरचे निवेदन. बहुधा वर स्वतः येऊन नाव, गाव, धंदा, वय सांगे आणि लग्नात कायद्याची अडचण नाही अशी शपथ घेई. दुसरे हमीपत्र, म्हणजे सांगितलेले खोटे ठरले तर अमुक रक्कम भरू असा करार. प्रत्यक्ष परवाना जोडप्याच्या हाती पडे, ते तो पाद्र्याला देत, आणि तिथेच तो बहुतेक वेळा हरवे. आज संशोधक ज्याला परवान्याची नोंद म्हणतात ती प्रत्यक्षात या मागे राहिलेल्या दोन कागदांची असते. मला यातले हमीपत्र अधिक मोलाचे वाटते. शपथ एकटा माणूस घेतो. हमीला दुसरा लागतो, आणि तो दुसरा कोण हे विचारले की नात्यांचे जाळे दिसू लागते.

शेक्सपिअरचेच पाहा. हमी देणारे फल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन हे वराकडचे नव्हते. अ‍ॅनचे वडील रिचर्ड हॅथवे आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या मृत्युपत्राची देखरेख सँडेल्सकडे होती आणि रिचर्डसन त्यावर साक्षीदार होता. बापामागे पोरीचे लग्न मार्गी लावायला बापाचे विश्वासू शेजारी वूस्टरपर्यंत आले होते. दोघांनाही लिहिता येत नव्हते. कागदावर त्यांच्या खुणा आहेत. स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तराला तेव्हा वर्षाला २० पौंड मिळत. म्हणजे दोन वर्षांच्या पगाराएवढी जोखीम या दोन निरक्षर माणसांनी अंगावर घेतली. वधूच्या आप्तांच्या संमतीशिवाय वराने लग्न लावू नये, अशी अटही त्या कागदात आहे.

घाईचे कारण पंचांगात सापडते. त्या वर्षी नाताळपूर्व अ‍ॅडव्हेंटचा काळ २ डिसेंबरला सुरू होत होता. तेव्हापासून १३ जानेवारीपर्यंत लग्ने आणि घोषणा बंद. तीन घोषणांना वेळच उरला नव्हता, म्हणून एकाच घोषणेवर लग्न लावण्याची मुभा मागितली गेली. पहिली मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ रोजी झाला. जानेवारीअखेरपर्यंत थांबले असते तर वधूचे पाच महिने उलटले असते. वर अठरा वर्षांचा होता, वधू सव्वीसच्या आसपास. एका कागदावरची तारीख, दुसऱ्या चोपडीतला बाप्तिस्मा आणि चर्चचे पंचांग एकत्र ठेवले की एका घरातली धावपळ चारशेहून अधिक वर्षांनंतरही कळते.

आता अ‍ॅना व्हेटली. हमीपत्र १८३६ मध्ये सर टॉमस फिलिप्स यांना सापडले होते. व्हेटलीची नोंद नंतर उजेडात आली आणि कल्पनाशक्तीला वाट मिळाली. शेक्सपिअरचे प्रेम एकीवर होते, दुसरीशी त्याला बळजबरीने लग्न करावे लागले, अशी कथा फ्रँक हॅरिस यांनी १९०९ च्या पुस्तकात रंगवली. पण त्याआधीच, १९०५ मध्ये, जोसेफ ग्रे यांनी वूस्टरच्या वह्या चाळून ठेवल्या होत्या. त्याच दिवशी त्या कचेरीत क्रोलचा पाद्री विल्यम व्हेटली याचा धर्मकराचा दावा चालू होता. ते नाव कारकुनाच्या डोळ्यांपुढे होते, आणि हॅथवेऐवजी हातून व्हेटली उतरले, हा सर्वांत सरळ उलगडा. त्या वहीत नावांच्या अशा चुका ग्रे यांना आणखीही सापडल्या. एका ठिकाणी बार्बरचे बेकर झाले आहे. एका ओळीवर अख्खी स्त्री उभी करण्याआधी आजूबाजूची पाने वाचावीत. घराण्याच्या शोधात नको तितकी घाई इथेच होते, आणि मग वंशवृक्षात कधी जन्मालाच न आलेली माणसे कायमची बसतात.

इंग्लंडमध्ये २५ मार्च १७५४ पासून लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा लागू झाला. परवान्याने लग्न करणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना पालकांची संमती सक्तीची झाली, आणि लग्न लागणार त्या गावात दोघांपैकी एकाने चार आठवडे राहिलेले असणे आवश्यक ठरले. याचा परिणाम कागदांवर स्पष्ट दिसतो. अल्पवयीन असेल तर बापाचे किंवा विधवा आईचे नाव येते, आणि वंशवृक्षातली एक पिढी अचानक हाती लागते. एरवी मात्र ‘वय एकवीस व त्याहून अधिक’ एवढाच मजकूर असतो. त्यावरून जन्मसाल काढायला जाऊ नये, तो माणूस पन्नाशीचाही असू शकतो. राहण्याचे गाव हे जन्मगाव समजू नये. कित्येकदा ते चार आठवड्यांपुरते घेतलेले बिऱ्हाड असते. वधू विधवा लिहिली असेल तर तिचे आडनाव आधीच्या नवऱ्याचे आहे, माहेर शोधायला आणखी एक लग्न मागे जावे लागते. हमीदार म्हणून जॉन डो हे नाव दिसले तर त्याला मामा समजून शोधत बसू नये. ते कचेरीचे काल्पनिक नाव आहे. १८२३ च्या कायद्याने हमीपत्रेच बंद झाली.

कागद कुठे शोधायचा हे परवाना कोणी दिला यावर अवलंबून आहे. दोघे एकाच बिशपच्या हद्दीत राहत असतील तर तिथल्या जिल्हा अभिलेखागारात. हद्दी वेगळ्या असतील तर कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कचेऱ्यांकडे जावे लागे; १६३२ आणि १६६० पासूनच्या त्यांच्या दोन मोठ्या मालिका लंडनच्या लँबेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत. उत्तरेकडची, यॉर्कची कागदपत्रे यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत. सतराशेतेहतीसपूर्वीच्या हमीपत्रांचा कराराचा भाग लॅटिनमध्ये असतो, अटी इंग्रजीत. आणि कागद मिळाला तरी लग्न झालेच असे नाही. काही परवाने वापरलेच गेले नाहीत. चर्चची विवाहनोंद पाहिल्याशिवाय तारीख लिहू नये.

आपल्याकडे लग्नाचा कागद दुसऱ्या वाटेने आला. मराठेशाहीत लग्नटका आणि पाटाच्या लग्नावरचा पाटदाम हे कर होते, त्यामुळे लग्ने दप्तरात आली ती वसुलीच्या रकमेतून. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आणि कुलवृत्तांतांतून पिढ्या लागतात, पण तिथे बायका पुष्कळदा गळतात, किंवा सासरच्या नावाने उरतात. माहेर पुसले जाते. म्हणूनच जिथे वधूचे स्वतःचे नाव, बाप आणि गाव एका कागदावर येते, त्या कागदाची मला इतकी ओढ आहे.

असे कागद आपल्याकडेही आहेत. कंपनी सरकारच्या पाद्र्यांनी मुंबई इलाख्यात लावलेल्या लग्नांच्या नकला १७०९ पासून लंडनला जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि लग्न घोषणेने झाले की परवान्याने हेही त्यांत बहुधा असते. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आल्यावर मराठी ख्रिस्ती कुटुंबांची लग्नेही ठरावीक नमुन्यात नोंदली जाऊ लागली. त्याच वर्षीचा तिसरा कायदा आणखी महत्त्वाचा. धर्माची चौकट ओलांडून लग्न करणाऱ्यांसाठी तो होता. रजिस्ट्रारला नोटीस, चौदा दिवसांची वाट, तीन साक्षीदार, एकवीसच्या आतल्यांना पालकांची संमती. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीची छाप त्यावर उघड आहे. आपण हिंदू, बौद्ध, शीख, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसांत लग्न करताना ही सक्ती उरली नाही. म्हणून १९२३ आधीच्या अशा कागदावर पणजोबांनी ‘हिंदू नाही’ असे लिहिलेले दिसले, तर त्यांनी धर्म सोडला असा निष्कर्ष लगेच काढू नका. कायद्याने तेवढीच वाट ठेवली होती.

घरात जातीबाहेरच्या किंवा नोंदणी पद्धतीच्या लग्नाची आठवण सांगितली जात असेल, तर दोन वह्या मागाव्यात: नोटिशीची आणि प्रमाणपत्रांची. १८७२ च्या कायद्यातही त्या होत्या, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही आहेत, आणि दोन्ही कायद्यांनी नोटीसवही कुणालाही पाहण्यासाठी खुली ठेवली आहे. साल नक्की ठाऊक नसेल तर थोरल्या अपत्याच्या जन्मापासून मागे जा. नोटीस मिळाली की वधूवरांची नावे उतरवून थांबू नका. प्रमाणपत्रांच्या वहीत साक्षीदार तिघे असतात, तिघांचीही नावे आणि सह्या उतरवून घ्या. घरच्यांनी पाठ फिरवली तेव्हा या लग्नामागे कोण उभे राहिले, ते तिथे लिहिलेले असते.