मार्कांच्या पलीकडचे मार्क

दादर-ठाण्याच्या कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासबाहेर मुलं स्वतःची ओळख करून देतात ती बरेचदा नावाने नाही, प्रोफाइलने. “जेम, नाइन-एट-सेव्हन, चोवीस महिने.” म्हणजे जनरल गटातला इंजिनियर मुलगा, दहावीला नव्वदीत, बारावीला ऐंशीत, पदवीला सत्तरीत, नोकरीचा अनुभव दोन वर्षांचा. यात कॅटच्या पर्सेंटाइलचा पत्ताच नाही. तो नंतर येतो, आणि तो चांगला आला तरी मुलाखतीचा ‘कॉल’ येईलच असं नाही. कॉल आला तरी तो प्रवेशात ‘कन्व्हर्ट’ होईलच असं नाही. संस्था म्हणतात, आम्ही नुसते मार्क बघत नाही, माणूस बघतो. मुलांनी त्या माणसाचंही कोष्टक करून टाकलंय. अर्थात कोष्टकाची सुरुवात मुलांनी केलेली नाही.

नुसती परीक्षा ठेवली तर काय होतं, याचं उत्तर निकालातच असतं. २०२४ च्या कॅटला जवळपास २ लाख ९३ हजार जण बसले. शंभर पर्सेंटाइल १४ जणांना मिळाले. त्यांत १३ मुलगे आणि १ मुलगी. १३ इंजिनियर आणि एकच बिगर-इंजिनियर. दोन तासांची, शब्द, तर्क आणि गणित यांची ही परीक्षा ज्यांना जमते, त्यांना ती जमतेच. प्रश्न वर्गात उभा राहतो. दूधसंघाची किंवा हॉस्पिटलची केस चर्चेला येते, तेव्हा सगळ्यांनी एकाच पद्धतीची एक्सेल शीट पुढे सरकवली, तर चर्चा कशावर करायची?

म्हणून अहमदाबादच्या आयआयएमने गणित वेगळं मांडलंय. अलीकडच्या वर्षांतल्या अंतिम गुणांमध्ये कॅटचा वाटा आहे फक्त २५ टक्के. मुलाखतीला ५०, लेखन चाचणीला १० आणि दहावी-बारावी-पदवीचे गुण व अनुभव मिळून बनणाऱ्या ‘ॲप्लिकेशन रेटिंग’ला १५. बारावीला सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्सची कोष्टकं वेगवेगळी आहेत. शिवाय पदवीच्या विषयांचे गट पाडून प्रत्येक गटातल्या अव्वल उमेदवारांना आधी बोलावतात आणि उरलेल्यांची सामाईक यादी नंतर लागते. साहित्याच्या विद्यार्थिनीची स्पर्धा या टप्प्यावर आयआयटीवाल्याशी नसते.

बंगळुरूचा हिशोब याहून बारीक आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी तो समजून घ्यावा असा आहे. दहावीचे ९२ टक्के म्हणजे नेमके किती? सीबीएसईचे, आयसीएसईचे की आपल्या एसएससीचे? एखाद्या बोर्डात नव्वदीचा पाऊस पडतो, दुसऱ्यात ऐंशी गाठतानाही दम लागतो. बंगळुरूचं आयआयएम उमेदवाराच्या गुणांना त्याच्याच बोर्डातल्या ९० व्या पर्सेंटाइलच्या गुणांनी भागतं. समजा, एका बोर्डात तो आकडा ९६ आहे आणि दुसऱ्यात ८०. मग पहिल्यातले ९६ आणि दुसऱ्यातले ८० सारखेच. ओळीत उभं करण्याआधी कोण कुठून निघालाय, हे इथे पाहिलं जातं. समावेशक प्रवेशाबद्दल व्यासपीठांवर पुष्कळ बोललं जातं. या एका भागाकाराने त्याहून जास्त काम केलं असावं.

दुसरी बाजूही आहे. पंधराव्या वर्षी दिलेली दहावीची परीक्षा पंचविशीतल्या माणसाच्या पाठीवर बसून मुलाखतीपर्यंत येते. त्या वर्षी घरात आजारपण होतं की शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते, हे कोष्टकाला कळत नाही. ‘सिक्स’वाला मुलगा कितीही सावरला तरी तो रकाना बदलत नाही.

कोझिकोडने मुलींचा आणि बिगर-इंजिनियरांचा प्रश्न सरळ जादा गुणांनी हाताळला. २०१३ साली तिथल्या नव्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुली होत्या. बातमी झाली, आणि ‘फुकटचे मार्क’ म्हणून कुरकुरही झाली. पुढे २०१९ मध्ये त्याच संस्थेने मुलींसाठी ६० अतिरिक्त जागा काढल्या.

हे सगळं आरक्षणापासून वेगळं आहे, आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात. अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा हा कायद्याचा भाग. त्याला आडवा छेद देऊन ५ टक्के दिव्यांगांसाठी. कॅटमध्येही दिव्यांग उमेदवाराला प्रत्येक विभागात १३ मिनिटं २० सेकंद जास्त मिळतात. आरक्षणाने जागा ठरतात. त्या जागांवर कोण बसणार, ते ठरवताना वरची कोष्टकं कामाला येतात.

मुंबईत तर दोन टोकं एकाच लोकल मार्गावर सापडतात. चर्चगेटचं जमनालाल बजाज १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलं. एकेकाळी तिथेही गटचर्चा आणि मुलाखत असे. आता महाराष्ट्रातल्या मुलांचा प्रवेश राज्याच्या सीईटीच्या गुणांवर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) राउंडमधून. कोणी तुमच्याशी बोलत नाही, कोणी तुमचं तोंड बघत नाही. अंधेरीच्या एसपी जैनमध्ये याच्या नेमकं उलट. तिथे काहींना कॅटचा निकाल लागण्याआधीच प्रोफाइलवर बोलावणं जातं. पुढे गुणांची किमान अट पाळली की झालं. मुलाखती गटाने होतात, म्हणजे शेजारचा काय बोलतोय हे ऐकून घेणंही त्यात आलं.

आयआयएमच्या मुलाखतीचा दिवस सुरू होतो तो फायलींनी. मूळ गुणपत्रिका, अनुभवाचं पत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर. तारीख जुनी निघाली की धावपळ. मग लेखन. अहमदाबादच्या चाचणीत तीस मिनिटं असतात आणि दिलेल्या युक्तिवादातल्या फटी शोधायच्या असतात. नंतर आत सहसा दोन प्राध्यापक आणि जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. मेकॅनिकलवाल्याला थर्मोडायनॅमिक्स, बँकेतल्या मुलीला रेपो रेट, यवतमाळच्या मुलाला कापूस. ‘एमबीएच का?’ याचं उत्तर प्रत्येकाने घोकलेलं असतं आणि समोरच्यांना ते ठाऊक असतं, म्हणून ते मध्येच तोडून आडवा प्रश्न टाकतात. पाहायचं असतं ते तिथून पुढचं. माहीत नसेल तर मुलगा थापा मारतो, गप्प होतो, की मोठ्याने विचार करत वाट काढतो?

ही पंधरा मिनिटं मोलाची आहेत, आणि धोक्याचीही. ‘सर्वांगाने पारखणे’ या पद्धतीचा इतिहास फारसा सोज्वळ नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड कॉलेजात ज्यू विद्यार्थी गुणवत्तेवर फार येऊ लागले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना त्यांचं प्रमाण रोखायचं होतं. उघड कोटा मान्य झाला नाही. मग ‘चारित्र्य’ आणि छायाचित्र पाहणं सुरू झालं आणि संख्या घटली. गंमत म्हणजे त्याच हार्वर्डने पुढे तीच पद्धत कृष्णवर्णीयांना आत घेण्यासाठी वापरली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. माणूस पारखताना पारखणारा कोण, हे दोन्ही वेळा निर्णायक ठरलं.

आपल्याकडे तो प्रश्न इंग्रजीच्या रूपाने समोर येतो. यूपीएससीच्या मुलाखतीत उमेदवाराला मराठीतून उत्तरं देता येतात, त्यासाठी दुभाषा बसतो. आयआयएमची मुलाखत इंग्रजीतच चालते. पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे, हे मान्य. पण भाषा तपासायला कॅटचा इंग्रजी विभाग आहे, लेखन चाचणी आहे. मुलाखतीच्या ५० टक्क्यांत बोलण्याच्या सफाईचे गुण किती आणि विचारांचे किती, हे संस्थांनी वेगळं मांडावं आणि निवडीच्या निकषांत छापावं. बोर्डांमधला फरक आकड्यात पकडता आला, तर हाही पकडता येईल.