पोटात गेल्यावर घडणारे औषध

सोलापुरातल्या औषधाच्या दुकानात रक्तदाबावरची एनालाप्रिलची गोळी सहज मिळते. गंमत अशी, की गिळताना तिच्यातला पदार्थ औषध म्हणून जवळजवळ निष्क्रिय असतो. खरे औषध आपले शरीरच तयार करते. अशा पदार्थांना पूर्वौषधे किंवा प्रोड्रग म्हणतात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील एक विकर अँजिओटेन्सिन-1 चे अँजिओटेन्सिन-2 मध्ये रूपांतर करते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. एनालाप्रिलॅट हा रेणू या विकराला अडवतो. परंतु त्यात दोन कार्बोक्झिलिक आम्लगट आहेत. आतड्यात त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि भारित रेणू पेशींच्या स्निग्ध पटलातून सहजी पार होत नाहीत. त्यामुळे एनालाप्रिलॅट शिरेतूनच द्यावे लागते.

मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1980 साली यावरचा तोडगा प्रसिद्ध केला. एका आम्लगटाला इथाइल अल्कोहोल जोडून त्यांनी एस्टर बनवले. हेच एनालाप्रिल. त्याचा सुमारे 60 टक्के भाग आतड्यातून शोषला जातो. पुढे यकृतातील कार्बोक्झिलएस्टरेज हे विकर पाण्याच्या साहाय्याने एस्टरचा बंध तोडते. वर्गात आपण शिकवतो ते एस्टरचे जलापघटन हेच!

मग अंगात अल्कोहोल तयार होते का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याला गणितच करू द्यावे. एनालाप्रिल मॅलिएटचा रेणुभार सुमारे 492, इथाइल अल्कोहोलचा 46. म्हणजे 5 मिलिग्रॅमच्या गोळीतून अर्धा मिलिग्रॅमही निघत नाही.

हे समजून घेण्याला व्यवहारातही महत्त्व आहे. रक्तातील एनालाप्रिल तासाभरात शिगेला पोचते, एनालाप्रिलॅट मात्र तीन-चार तासांनी. तेव्हा तासाभराने रक्तदाब मोजून 'उतरला नाही' म्हणत दुसरी गोळी घेणे धोक्याचे. तयार झालेले औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, तर रक्तदाब फार उतरू शकतो व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच विचारावे. गोळी आपल्या मनाने वाढवू नये, सोडूही नये.

सगळ्याच गोळ्या अशा नसतात. त्याच कुळातले लिसिनोप्रिल थेट काम करते. गरोदरपणात मात्र ही दोन्ही वर्ज्य. त्या काळात दिले जाणारे मिथाइलडोपा हेही पूर्वौषधच; फक्त त्याचा कारखाना यकृतात नसून मेंदूतील चेतापेशींत असतो.