युद्धातले मथळे आणि आपले तर्क

वर्तमानपत्र हाती आले की आपली नजर प्रथम कुठे जाते? मथळ्याकडे. आणि पुष्कळदा ती तिथूनच परत फिरते. खालचा मजकूर सावकाश वाचायला सवड कोणाला आहे? मग उरलेली बातमी आपणच मनातल्या मनात रचून टाकतो. एरवी यात फारसे बिघडत नाही. पण युद्ध सुरू असले म्हणजे मथळे आखूड होतात, सेन्सॉरची कात्री लांब होते आणि आपल्या तर्काला पंख फुटतात. त्या पंखांवर बसून माणसे कुठवर जातात, ते आपण थोडे गमतीने पाहू.

दुसऱ्या महायुद्धातला म्हणून एक इंग्रजी मथळा नेहमी सांगितला जातो: ‘एट्थ आर्मी पुश बॉटल्स अप जर्मन्स’. मथळा लिहिणाऱ्याला म्हणायचे होते एवढेच, की आठव्या फौजेच्या रेट्यामुळे जर्मन कोंडीत सापडले. इंग्रजीत ‘बॉटल अप’ करणे म्हणजे कोंडून टाकणे. पण ‘पुश’ हे नाम न धरता क्रियापद धरा, ‘बॉटल्स’ म्हणजे आपल्या साध्यासुध्या बाटल्या समजा, की झाले! आठवी फौज जर्मनांवर बाटल्या ढकलीत निघाली आहे, असे चित्र उभे राहते.

आता कल्पना करा, की हा मथळा सर्वांनी खरा मानला. सेनापतीची तार जाते: तोफगोळे पुरे, बाटल्या पाठवा. कैरोच्या बाजारात रिकाम्या बाटल्यांना सोन्याचा भाव येतो. तिकडे सेनापती रोमेल भिंग घेऊन वाळवंटात बुचे शोधीत हिंडतो. आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनचे पत्र ठळक टाइपात छापते, की आमच्याकडे बुचांचा साठा भरपूर आहे, जनतेने घाबरू नये!

असाच दुसरा मथळा अमेरिकन सेनापती मॅकार्थर यांच्या नावावर आहे: ‘मॅकार्थर फ्लाइज बॅक टू फ्रंट’. सेनापती विमानाने पुन्हा आघाडीवर गेले, हा सरळ अर्थ. पण ‘बॅक टू फ्रंट’ म्हणजे पाठीचे पोटाकडे, उलटेसुलटे, असाही अर्थ होतो. म्हणजे सेनापती विमानात शेपटीकडे तोंड करून बसलेले! वैमानिक विचारतो, “साहेब, कुठे जायचं?” साहेब म्हणतात, “ते मला दिसत नाही. आपण कुठून आलो, तेवढं मात्र स्पष्ट दिसतंय.” खरे सांगायचे तर युद्धात बऱ्याच सेनापतींची हीच अवस्था असते.

या मथळ्यांमागचे कारण साधे आहे. इंग्रजीत एकच शब्द नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. त्यात रकान्याची रुंदी बोटभर, म्हणून मथळ्यातून लहानसहान शब्द गाळले जातात. वाक्याचे सांधेच निखळतात म्हणा ना! मराठीला विभक्तीचा आधार आहे. ‘फौजेने’ म्हटले की कर्ता कळतो, ‘जर्मनांना’ म्हटले की मार कोणाला बसला तेही कळते. निदान बाटल्यांच्या बाबतीत आपण सुरक्षित आहोत.

पण हे परिणाम झाले आपल्या कल्पनेतले. लोकांच्या कल्पनेने प्रत्यक्ष व्यवहारात जो गोंधळ घातला, तो याहून मोठा आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. इंग्रज फौजा फ्रान्समध्ये मागे हटत होत्या आणि बातम्या तुटक येत होत्या. अशा वेळी इंग्लंडभर एक वार्ता पसरली, की रशियन सैन्य स्कॉटलंडात उतरले असून रात्रीच्या गाड्यांनी फ्रान्सकडे चालले आहे. ज्याला त्याला ते पाहिलेला कोणीतरी माणूस माहीत होता. रशियनांच्या बुटांवर म्हणे बर्फ होते! एका स्टेशनवर नाणे टाकायच्या यंत्रात म्हणे रुबल अडकला! उत्तर रशियापासून स्कॉटलंडपर्यंतचा समुद्रप्रवास बरेच दिवसांचा, त्यातून दिवस उन्हाळ्याचे. तरी बुटांवरचे बर्फ वितळले नाही, याचे नवल कोणालाच वाटले नाही. कारण ते बर्फ लोकांना हवे होते. मदत येते आहे, असे ऐकायला कान आसुसले होते.

याचा उगम कशात, यावरही तर्क झाले. कोणी म्हणाले, रशियन अंड्यांच्या तारेतला ‘अंडी’ हा शब्द गळला. कोणी म्हणाले, ‘रॉस-शर’ या स्कॉटिश परगण्यातल्या शिपायांनी आपल्या गावाचे नाव सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी ‘रशा’ ऐकले. अखेर १५ सप्टेंबर १९१४ रोजी सरकारी वृत्त-कचेरीला याचा इन्कार करावा लागला. पण तोवर एडिंबरोत राहून हेरगिरी करणाऱ्या कार्ल लोडी या जर्मन हेराने ही वार्ता पत्राने कळवलीही होती. इंग्रज त्याची पत्रे फोडून वाचीत होते. हे पत्र मात्र त्यांनी आनंदाने पुढे जाऊ दिले! त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला लोडीला लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

दुसऱ्या महायुद्धात पाळी आली गाजराची. १९४० च्या अखेरीपासून इंग्रज वैमानिक काळोखात जर्मन विमाने पाडू लागले. त्यांतल्या जॉन कनिंगहॅमला तर पत्रांनी ‘मांजरडोळ्या’ ठरवले. आणि या नजरेचे रहस्य काय? तर गाजर! खरे रहस्य होते विमानात बसवलेले रडार, पण ते सांगायचे नव्हते. जर्मन या थापेला फसले, याला भक्कम पुरावा नाही. फसले असते, तर त्यांनी सशांचेच एक विमानदळ उभारले असते! पण इंग्लंडातल्या आया मात्र फसल्या. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो, हे खरे. परंतु ढीगभर गाजरे खाल्ल्याने कोणाचे डोळे मांजराचे होत नाहीत.

आता शेवटची गोष्ट, जरा सावधपणे वाचण्याची. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ प्रसिद्ध आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्यामुळे, अशी आख्यायिका आहे. तिथे एक अक्षर बदलले. पण प्रत्येक मुक्कामावर एकेक अक्षर बदलत गेले तर?

ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांनी बेल्जियमचे अँटवर्प शहर घेतले. गोष्ट अशी सांगतात, की एका जर्मन पत्राने छापले: अँटवर्प पडल्याचे कळताच चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या. म्हणजे जर्मनीत, आनंदाने. पॅरिसच्या पत्राने ते उचलले: अँटवर्पच्या धर्मगुरूंना घंटा वाजवायला लावले. लंडनच्या पत्राने लिहिले: नकार देणाऱ्या धर्मगुरूंना हाकलून दिले. इटालियन पत्राने त्यांना सक्तमजुरी दिली. आणि बातमी पुन्हा पॅरिसला पोचली, तेव्हा त्या बिचाऱ्यांना डोके खाली, पाय वर असे घंटेत लोलकासारखे टांगले होते!

आर्थर पॉन्सनबी या इंग्रज खासदाराने युद्धातल्या असत्यावर १९२८ साली पुस्तक लिहिले, त्यात ही साखळी दिली. वर्तमानपत्रे कशी खोटे बोलतात, याचा नमुना म्हणून ती जगभर गाजली. पण वाचकहो, पुढे अभ्यासकांनी मागोवा घेतला, तेव्हा काय निघाले? ही सबंध साखळीच १९१५ साली एका जर्मन पत्राने शत्रूची टर उडवण्यासाठी रचलेली होती! म्हणजे खोटेपणाचा पुरावा म्हणून जी दाखवली जात होती, तीच खोटी. आणि ती पडताळून पाहावी असे कित्येक वर्षे फारसे कोणाला वाटले नाही. कारण ‘पत्रे खोटीच असतात’ हा मथळाही लोकांच्या मनात आधीच तयार होता.

यातून घ्यायचे ते एवढेच. बाटल्यांचा मथळा विचित्र दिसतो, म्हणून आपण थांबतो, हसतो आणि पुन्हा वाचतो. धोका त्याचा नाही. जो मथळा वाचताच ‘मी म्हणत होतोच!’ असे आपल्या तोंडून निघते, तो धोक्याचा. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत: हे प्रत्यक्ष पाहिले कोणी? आणि त्याच्या व माझ्या मध्ये किती तोंडे आहेत? आज बातमी छापखान्यातून न येता खिशातल्या फोनवर येते. तोंडे वाढली आहेत, प्रश्न तेच आहेत. खालचा मजकूर वाचायला दोन मिनिटे लागतात. गाजराची समजूत मात्र ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.