३८ वर्षं, एकही बेडसोर नाही

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला. निष्क्रिय दयामरणाला मर्यादित परवानगी देणारा निकाल म्हणून तो देशभर गाजला. कायद्याच्या त्या चर्चेत निकालातली एक साधी नोंद मागे पडली. ३८ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा यांच्या अंगावर एकही बेडसोर झालेला नव्हता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांचं आणि इतर कर्मचाऱ्यांचं मोकळ्या मनाने कौतुक केलं. एखाद्या मेट्रनच्या, म्हणजे रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेच्या, दीर्घ सेवेचा गौरव करताना नेमकं काय मोजायचं, याचं इतकं स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नवी मुंबईत हा प्रश्न आता वारंवार पुढे येणार आहे. इथली महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली. त्या सुमारास विशी-पंचविशीत रुग्णसेवेत आलेल्या परिचारिका आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, टाटा स्मारक केंद्राचं खारघरमधलं अ‍ॅक्ट्रेक अशा संस्था याच काळात उभ्या राहिल्या आणि वाढल्या. शहरासोबत वाढलेली परिचारिकांची ही पहिली पिढी. तिला निरोप देताना शाल, श्रीफळ आणि चार गोड शब्द हवेतच. पण तिने केलं काय, हे ऐकणाऱ्याला कळलं तर त्या शालीला अर्थ येतो.

म्हणून पुन्हा बेडसोरकडे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाच्या उंचवट्यांवर शरीराचा भार येतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. ओल, घाम, चादरीची सुरकुती यांनी ते आणखी लवकर होतं. एकदा जखम झाली की ती हाडापर्यंत जाऊ शकते. यावरचा उपाय जुनाच आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, चादर ताणून घालायची, पोटात पुरेसं अन्न जाईल हे बघायचं. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला १२ वेळा. ३८ वर्षांचा हिशेब मांडला तर आकडा दीड लाखाच्या पुढे जातो.

हे एका व्यक्तीच्या हातून होणं शक्यच नाही. वॉर्डात दिवसाच्या तीन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळी सुटताना ‘ओव्हर’ दिली जाते. कोणत्या खाटेवर कोण आहे, कोणाचं सलाइन कधी संपेल, कोणाची कूस केव्हा बदलली, हे जाणारी सिस्टर येणारीला सांगते. ओव्हर घाईघाईत उरकली की चूक घडते आणि ती रुग्णाला भोगावी लागते. ही ओव्हर रोज नीट होते की नाही हे पाहणारी वॉर्डची इनचार्ज सिस्टर, म्हणजे सरकारी भाषेतली परिसेविका. तिच्या वर सहायक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजेच मेट्रन. ड्यूट्या लावायच्या, रजेवर गेलेलीच्या जागी कोणाला पाठवायचं ते ठरवायचं, नव्या मुलीला अनुभवी सिस्टरच्या हाताखाली द्यायचं, मामा-मावशींची, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांची, कामं बघायची, डॉक्टरांशी प्रसंगी वाद घालायचा. मेट्रनचं नेतृत्व हेच. ती स्वतः सुटीवर असताना रात्री तीन वाजता वॉर्डात काय घडतं, यावर ते पारखावं.

केईएममध्ये ते पारखलं गेलं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या कायमच्या परावलंबी झाल्या. १९८०च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न मुंबई महापालिकेने केला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. पुढे न्यायालयात अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आला. इतकी वर्षं त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं मत न्यायालयाने निर्णायक मानलं. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचं निधन झालं. तेव्हा मेट्रनपदी अरुंधती वेल्हाळ होत्या. १९७३ साली ड्यूटीवर असलेल्या परिचारिका तोवर निवृत्त झालेल्या होत्या. ज्यांनी अरुणा यांना कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं, अशा मुलींनी शेवटपर्यंत त्यांची कूस बदलली. ४२ वर्षांत मेट्रन बदलल्या, इनचार्ज बदलल्या, ओव्हर मात्र तुटली नाही.

धैर्याची परीक्षा कधी एका रात्रीत होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात २० गर्भवती स्त्रिया होत्या. दहशतवादी आवारात शिरलेले दिसताच त्यांनी दारं बंद केली आणि सगळ्यांना पॅन्ट्रीच्या खोलीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असताना भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिकक्षात पोहोचवलं. पुढे त्यांनी त्यातला दहशतवादी कसाब याच्याविरुद्ध साक्ष दिली. १५ डिसेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही त्यांची कहाणी त्यांच्याच तोंडून ऐकली. त्या रात्री वीसही जणी वाचल्या, यात धैर्याइतकाच सवयीचा वाटा होता. कोणत्या खाटेवर कोण, कोणाला किती महिने झालेत, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, हे वॉर्डच्या सिस्टरला तोंडपाठ असतं.

या पेशाला आपल्याकडे मान सहजी मिळाला नाही. परक्या माणसाचं मलमूत्र काढणं हे ‘चांगल्या घरच्या’ बाईचं काम नव्हे, असं समाज मानत होता. पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा त्या मोठ्या सामाजिक रोषाला सामोऱ्या गेल्या. आज १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्याच नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९७३पासून दिला जातो.

पुरस्कार मोजक्यांच्या वाट्याला येतात, पगार मात्र प्रत्येकीला लागतो. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ साली केंद्राच्या तज्ज्ञ समितीने शिफारशी केल्या. ५० खाटांहून लहान रुग्णालयातही महिना किमान २० हजार रुपये आणि २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, असं त्यांत म्हटलं आहे. नवी मुंबईसारख्या खासगी रुग्णालयांच्या शहरात हा कागद प्रत्येक व्यवस्थापनाच्या टेबलावर असायला हवा. पगारासोबत संख्याही हवी: व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा निकष आहेच. दोन तासांनी कूस बदलायची तर तेवढे हात वॉर्डात असावे लागतात. ते नसतील, तर कितीही निष्ठावान मेट्रन ड्यूट्यांचा मेळ बसवू शकणार नाही.

म्हणून येत्या १२ मेला ज्या रुग्णालयात सत्कार होईल, त्याच व्यासपीठावरून परिचारिकांच्या रिकाम्या जागा किती आणि त्या केव्हा भरणार, हेही जाहीर करावं. आणि वाचकांनी एक करावं. घरच्या माणसाला डिस्चार्ज मिळेल तेव्हा अभिप्रायाच्या कागदावर डॉक्टरांसोबत वॉर्डच्या सिस्टरचं नाव विचारून घ्यावं आणि तेही लिहावं.