ऑर्डर आली, पण माल कधी निघणार? ऑनलाइन विक्रीत ‘हँडलिंग टाइम’ ठरवताना हे बघा

कराड : दुपारी मोबाईल वाजतो. कांदा-लसूण मसाल्याची दोन पाकिटं, पत्ता पुण्याचा. घरात आनंद होतो. पण खरं काम आता पुढं असतं. हा माल आज निघणार, उद्या की परवा? तो निघायला किती दिवस लागतील हे विक्रेत्यानं दुकान उघडतानाच एका चौकटीत भरून ठेवलेलं असतं. बहुतेकांनी ती चौकट न वाचताच ‘१ दिवस’ लिहून पुढं ढकललेली असते. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्या एका आकड्यात असतं.

कराड, पाटण, वाळवा, खानापूर भागातल्या गावांमधून गूळ, काकवी, हळद, बेदाणे, मसाले, घोंगड्या असा माल आता मोबाईलवरून विकला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला, उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेत असेल तर, ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर फक्त एक नावनोंदणी क्रमांक काढावा लागतो. त्यामुळे बचत गटांना आणि घरगुती उद्योगांना दार उघडलं. पण दुकान उघडणं सोपं आणि वेळेत माल पाठवणं अवघड, हे पहिल्या महिन्यातच कळतं.

हँडलिंग टाइम म्हणजे नेमकं काय?

ऑर्डर आल्यापासून पार्सल कुरिअरच्या हातात पडेपर्यंतचा वेळ म्हणजे हँडलिंग टाइम. कुरिअरनं माल घेतल्यावर गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ वेगळा. पहिला वेळ विक्रेत्याच्या हातात असतो, दुसरा कुरिअरच्या. गिऱ्हाइकाला मोबाईलवर ‘अमुक तारखेपर्यंत मिळेल’ असं जे दिसतं, ती या दोन्हीची बेरीज असते.

समजा सोमवारी सकाळी ऑर्डर आली आणि हँडलिंग टाइम २ दिवस लावला आहे. म्हणजे बुधवारपर्यंत पार्सल कुरिअरकडे गेलं पाहिजे. पुढं प्रवासाला दोन-तीन दिवस धरले तर गिऱ्हाइकाला शुक्रवार-शनिवारची तारीख दिसते. कराड-पुणे अंतर जेमतेम १६० किलोमीटर आहे, पण माल गावातच दोन दिवस पडून राहिला तर महामार्ग कितीही चांगला असून उपयोग नाही.

नावं मात्र ठिकाणागणिक बदलतात. ॲमेझॉनवर याला ‘हँडलिंग टाइम’ म्हणतात, फ्लिपकार्टवर माल चढवताना ‘प्रोक्युरमेंट एसएलए’ असा रकाना असतो, तर केंद्र सरकारच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ओएनडीसीवर ‘टाइम टू शिप’ असतो. नाव काहीही असो, प्रश्न एकच असतो : तुम्ही माल किती वेळात बाहेर काढणार?

कमी दिवस लावले तर काय होतं?

‘लवकर पाठवतो म्हटलं की ऑर्डरी जास्त येतील’ असा सगळ्यांचा हिशेब असतो. तो अगदीच खोटा नाही. पण शब्द पाळता आला नाही तर नुकसान दुप्पट होतं.

ॲमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या अटींमध्ये उशिरा पाठवलेल्या ऑर्डरींचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आत, तर माल पाठवण्याआधीच विक्रेत्यानं रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलेलं आहे. इतर ठिकाणीही अशाच अटी असतात, आकडे कमी-जास्त असतात.

आता ४ टक्के म्हणजे किती? १०० ऑर्डरी असतील तर चार उशिरा गेल्या तरी चालतं. २५ असतील तर फक्त एक. आणि महिन्याला १० ऑर्डरी असणाऱ्या घरगुती विक्रेत्याची एक जरी उशिरा गेली तरी प्रमाण थेट १० टक्के होतं. मोठ्या व्यापाऱ्याला जी चूक पचते ती छोट्याला पचत नाही. प्रमाण बिघडलं की आधी इशारा येतो, मग माल यादीत खाली जातो आणि पुढं खातंच थांबवलं जाऊ शकतं. उन्हाळ्यात उधारीवर मिरची भरून ठेवलेली, गटाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर खातं बंद, ही वेळ कुणावर येऊ नये.

मग दहा दिवस लावून मोकळं व्हावं का?

तसंही नाही. गिऱ्हाईक दोन दुकानं शेजारी शेजारी बघतं. एकाची तारीख शुक्रवारची, दुसऱ्याची पुढच्या आठवड्यानंतरची. भाव सारखा असेल तर तो शुक्रवारचाच घेणार. आणि ज्यानं घेतला तोही वाट बघून कंटाळून मध्येच रद्द करतो.

म्हणून आकडा मनानं लावायचा नाही, वहीतून काढायचा.

वहीतला हिशेब

साधी वही घ्यायची. मागच्या २० ऑर्डरी लिहायच्या. प्रत्येकीपुढं ऑर्डर कधी आली आणि पार्सल कुरिअरच्या हातात कधी दिलं, एवढंच.

समजा एका मसाला गटाच्या वहीत असं निघालं : ११ ऑर्डरी एका दिवसात गेल्या, ६ दोन दिवसांत, २ तीन दिवसांत आणि एकीला पाच दिवस लागले. एकूण ३४ दिवस, म्हणजे सरासरी १.७ दिवस. सरासरी बघून गट ‘२ दिवस’ लावून मोकळा होतो. पण वही नीट बघितली तर दोन दिवसांत न गेलेल्या ऑर्डरी तीन आहेत. वीसात तीन म्हणजे १५ टक्के उशीर. सरासरी चांगली आणि खातं मात्र अडचणीत.

तीन दिवस लावले तर वीसातली एकच उशिरा ठरते, म्हणजे ५ टक्के. तरी चारच्या वरच. इथं आकडा पाचवर न्यायच्या आधी त्या एका ऑर्डरीला पाच दिवस का लागले ते शोधायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. मसाला संपला होता, डंक बंद होता, लाईट नव्हती, किंवा छापलेली पाकिटं संपली होती. ते कारण दूर केलं की तीन दिवसांत सगळं बसतं. दहा-पंधरा भरलेली पाकिटं कायम तयार ठेवली तर हळूहळू दोन दिवसांवरही येता येतं.

सूत्र एवढंच : सरासरी धरायची नाही. जवळजवळ प्रत्येक ऑर्डर ज्या वेळात निघते तो वेळ धरायचा.

प्रत्येक मालाचा वेळ वेगळा

दुकानात चार प्रकारचा माल असेल तर सगळ्यांना एकच आकडा लावायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी मालागणिक वेगळा वेळ भरता येतो.

- भरून तयार असलेला गूळ, हळद पावडर, बेदाणे यांना फक्त पॅकिंग आणि लेबल लागतं. एक-दोन दिवस पुरतात.
- काकवी बाटलीत असते. गळू नये म्हणून झाकण सील करणं, बाटली गुंडाळणं, खोक्यात घट्ट बसवणं याला वेळ जातो. तो धरूनच आकडा लावायचा.
- ऑर्डर आल्यावर कुटायच्या मसाल्याला मिरची निवडणं, भाजणं, डंकावर नेणं, गार करणं आणि मग भरणं असे पाच टप्पे असतात. गरम मसाला पाकिटात भरला तर आत वाफ धरते आणि माल खराब होतो. घाई इथं महागात पडते.
- माणदेशातली हातमागाची घोंगडी किंवा मापानं बनवायची कोल्हापुरी चप्पल ही मागणीनुसार होणारी वस्तू आहे. तिला जास्त दिवस लावायचे आणि मालाच्या माहितीत ‘ऑर्डर आल्यावर हातानं बनवतो’ असं स्पष्ट लिहायचं. कारण कळलं की गिऱ्हाईक थांबतं.

दुपारची गाडी चुकली की दिवस गेला

दिवस मोजताना वेळही बघायची. कुरिअरची गाडी दुपारी तीनला येत असेल आणि ऑर्डर पावणेतीनला आली, तर ती आज जाणं शक्य नाही. म्हणून काही ठिकाणी ‘कट-ऑफ’ वेळ लावायची सोय असते. त्या वेळेनंतरची ऑर्डर दुसऱ्या दिवसाची धरली जाते. गाडी तीनला येत असेल तर कट-ऑफ बारा-एकचा ठेवलेला बरा.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची. कुरिअर आपल्या गावात माल उचलायला येतं का? अनेक वाड्या-वस्त्यांवर येत नाही. मग पार्सल कराडला किंवा जवळच्या बाजारगावी नेऊन द्यावं लागतं. घरातला एकच माणूस दर दोन दिवसांनी कराडला जात असेल, तर पॅकिंग एका तासात होऊनही हँडलिंग टाइम दोन दिवसच धरला पाहिजे.

रविवार आणि सुट्ट्यांचाही विचार हवा. आपले कामाचे दिवस कोणते ते सेटिंगमध्ये बघून घ्यायचं. रविवार कामाचा दिवस म्हणून चालू राहिला आणि घर शेतात गेलं, तर सोमवारी उशीर ठरलेलाच.

यात्रा, सुगी आणि पूर

गावाचं कॅलेंडर कंपनीच्या कॅलेंडरमध्ये नसतं. बेंदूर, गौरी-गणपती, पौषातली पालीच्या खंडोबाची यात्रा, गावची जत्रा, घरचं लग्न, सोयाबीनची काढणी, उसाची तोड. या दिवसांत पॅकिंगला हात मिळत नाहीत. ज्या ठिकाणी ‘हॉलिडे’ किंवा ‘व्हेकेशन’ची सोय आहे तिथं चार दिवस आधीच ती लावायची. तेवढे दिवस नवी ऑर्डर येत नाही, पण खात्याला डागही लागत नाही. लक्षात ठेवायचं की आधी आलेल्या ऑर्डरी त्यानं थांबत नाहीत, त्या पाठवाव्याच लागतात. हँडलिंग टाइम वाढवला तरी तो पुढच्या ऑर्डरींना लागू होतो, हातात असलेल्यांना नाही.

पावसाळ्याचा अनुभव तर या भागाला चांगलाच आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती. कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि कृष्णेची पातळी वाढू लागली की विक्रेत्यानं रस्ता बंद व्हायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी वेळ वाढवायचा किंवा दुकान सुट्टीवर टाकायचं. हातातल्या ऑर्डरींच्या गिऱ्हाइकांना ॲपमधून निरोप द्यायचा आणि प्रशासनानं रस्ता बंद केल्याची सूचना मोबाईलमध्ये जपून ठेवायची. पुढं कंपनीला कारण सांगताना ती कामाला येते.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यानुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. उशीर पुरासारख्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर मात्र त्यातून सूट आहे. म्हणजे त्या चौकटीतला आकडा हा निव्वळ अंदाज नाही, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे.

खाण्याच्या मालाला आणखी एक बाजू आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रीबाबत सूचना दिली, की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. हँडलिंग टाइम जेवढा लांब तेवढी पाकिटावरची मुदत घरातच खर्च होते. म्हणून आधी भरलेलं पाकीट आधी बाहेर काढायचं.

ही चूक करू नका

वेळ संपत आली की काहीजण पार्सल घरातच असताना ॲपमध्ये ‘पाठवलं’ असं बटण दाबतात. कुरिअरनं पार्सल स्कॅन केल्याशिवाय त्याची हालचाल दिसत नाही. गिऱ्हाईक रोज बघतं, कंपनीलाही दिसतं. उशीर एकवेळ माफ होतो, ही लबाडी पकडली गेली तर विश्वास जातो. वेळेत जमणार नसेल तर गिऱ्हाइकाला आधी कळवणं चांगलं. ‘दादा, पाऊस लागल्यामुळे मसाला वाळला नाही, दोन दिवस उशीर होईल,’ एवढं सांगितलं तरी बरीच माणसं समजून घेतात.

थोडक्यात

- मागच्या २० ऑर्डरींची वही करा. सरासरीवर जाऊ नका.
- तयार माल आणि मागणीनुसार बनणारा माल यांना वेगळा वेळ लावा.
- कुरिअरची गाडी कधी येते ते बघून कट-ऑफ ठरवा.
- सण, सुगी, पूर यांच्या आधी सुट्टीची सोय वापरा.
- अटी बदलत असतात. महिन्यातून एकदा विक्रेत्याच्या ॲपमधलं कामगिरीचं पान उघडून बघा.
- नवीन असाल तर सुरुवातीला एक दिवस जास्त लावा. शब्द पाळायची सवय झाली की तो कमी करा.

तीन दिवस सांगून दोन दिवसांत माल निघाला तर गिऱ्हाईक खूश होऊन पुन्हा येतं. एक दिवस सांगून दोन दिवस लावले तर तोच माल, तोच वेळ, आणि वर तक्रार.