राजीनाम्यावर सही करण्याआधी: बेरोजगारी भत्त्याबद्दल काय खरं, काय खोटं

महिना 18,000 रुपये पगार असलेल्या कामगाराच्या पगारपत्रकात 135 रुपयांची एक कपात असते. समोर 'ईएसआय', म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लिहिलेलं असतं. मानेसरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, ओखल्याच्या शिलाई युनिटमध्ये, नोएडाच्या मोबाइल जोडणीच्या लाइनवर काम करणाऱ्यांच्या पगारातून हे पैसे दर महिन्याला जातात. कशाचे, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दवाखान्याचे." महाराष्ट्रातून आयटीआय करून इकडे आलेली मुलंही हेच सांगतात. दवाखाना त्यात आहेच. पण नोकरी गेल्यावर मिळू शकणारा भत्ताही त्याच 135 रुपयांत आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांना कळतं त्यांनाही बहुतेकदा उशिरा कळतं, सही होऊन गेल्यावर.

दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात नोकरी गेलेल्या माणसाची फार ओढाताण होते. सकाळी मुलाखत, दुपारी जुन्या कंपनीत अडकलेल्या पगारासाठी खेटे, संध्याकाळी सायबर कॅफेत भत्त्याचा फॉर्म. यातला फॉर्म अनेकदा भलताच निघतो, कारण मुळात ऐकलेली माहितीच भलती असते. ती एकदा निस्तरायला हवी.

"फॉर्म भरा, दरमहा खात्यात पैसे येतील"

'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना' नावाचा एक संदेश काही वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. त्यात कधी दरमहा 3,500 रुपये असतात, कधी 6,000. केंद्र सरकारची अशी योजना नाही. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने हा संदेश एकाहून अधिक वेळा खोटा ठरवला आहे. त्यातल्या लिंकवर आधार आणि बँकेचे तपशील भरू नका. भरून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन करा.

दिल्लीबद्दल आणखी एक आकडा ऐकू येतो: पदवीधराला 5,000, पदव्युत्तराला 7,500. हेच आकडे 2020 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात होते. 2025 च्या निवडणुकीआधी त्याच पक्षाने सुशिक्षित बेरोजगारांना वर्षभर महिना 8,500 रुपयांचं आश्वासन दिलं. दोन्ही वेळा पक्षाची दिल्लीत एकही जागा आली नाही, त्यामुळे दोन्ही आश्वासनं कागदावरच राहिली. उत्तर प्रदेशात 2012 मध्ये अखिलेश यादव यांच्या सरकारने महिना 1,000 रुपयांचा भत्ता खरोखर सुरू केला होता, पण ती गोष्ट मागे पडली. नोएडात राहून आज त्या नावाचा फॉर्म कुणी पैसे घेऊन भरून देत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे.

खरा मासिक भत्ता आहे तो हरियाणात. तिथल्या सरकारने 1 ऑगस्ट 2024 पासून नोंदणी केलेल्या बेरोजगार तरुणांसाठी बारावी उत्तीर्णांना 1,200, पदवीधरांना 2,000 आणि पदव्युत्तरांना 3,500 रुपये असे दर केले. नोव्हेंबर 2016 मध्ये सुरू झालेल्या 'सक्षम युवा' योजनेत याच्या जोडीला महिन्याला 100 तास काम दिलं जातं आणि त्याचे 6,000 रुपये मानधन मिळतं. अट मात्र हरियाणाचा अधिवासी असण्याची आहे. गुरुग्राममध्ये चार वर्षं भाड्याने राहणाऱ्या सोलापूरच्या मुलाला ती लागू होत नाही. मेट्रोच्या जाळ्यात तीन राज्यं येतात, तसा भत्ता मात्र एका राज्यातून दुसऱ्यात येत नाही.

त्या 100 तासांबद्दल थोडं बोलायला हवं. आठ तासांच्या दिवसाने मोजलं तर ते साडेबारा दिवस होतात. मुलाखती बहुतेक कामाच्या दिवशीच असतात, आणि उमेदवाराचे तेच दिवस या कामात जातात. मानधन घरभाड्याला उपयोगी पडतं, हे खरं. पण नोकरी शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचीही काही किंमत आहे, हा विचार योजनेत नाही. तो असायला हवा होता.

"एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव आहे, बोलावणं येईलच"

ही केंद्रं जुलै 1945 मध्ये सुरू झाली, ती महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिकाम्या जागा कळवण्याचं बंधन घातलं. बंधन होतं ते कळवण्याचं. केंद्राच्या यादीतूनच माणूस घेण्याचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये एन. हरगोपाल प्रकरणात हे स्पष्ट केलं. 20 जुलै 2015 ला सुरू झालेलं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल आज त्याच जागी आहे आणि तिथली नोंदणी विनामूल्य आहे. नाव जरूर नोंदवा, पण बोलावण्याची वाट बघत घरी बसू नका.

"खासगी नोकरीवाल्याला काही मिळत नाही"

मिळतं. थोडं, पण मिळतं.

नोकरी गेलेल्याला मदत ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात बेकारीच्या काळात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. त्याआधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम आलं. 1944 मध्ये त्यांनी अहवाल दिला, आणि त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. 24 फेब्रुवारी 1952 ला तो देशात सर्वात आधी दोन ठिकाणी लागू झाला: कानपूर आणि दिल्ली. बेकारीचा विमा मात्र त्यात नव्हता. तो यायला 2005 उजाडलं.

त्या वर्षी 1 एप्रिलपासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली: कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलं, तर भत्ता. त्यानंतर 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना लागू झाली. दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आणलेल्या या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे, म्हणून अर्ज करताना ती चालू आहे का आणि दर काय आहे, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 चा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. शाखेत चौकशी करताना हेही लक्षात असू द्या.

अटल योजनेचा भत्ता सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के होता आणि नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबून अर्ज करावा लागे. कोविडच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, तो 50 टक्के झाला आणि थांबण्याचे दिवस 30 वर आले. अर्ज मालकाच्या सहीने पाठवण्याची अटही तेव्हाच गेली. कामगार तो स्वतः ऑनलाइन भरू शकतो. हा बदल फार मोठा होता. ज्याने काढलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहण्याची पाळी त्यामुळे टळली.

हिशेब असा. मागच्या चार अंशदान कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730. महिना 18,000 प्रमाणे दोन वर्षांचे 4,32,000 होतात. दिवसाचे सुमारे 592, त्याचे निम्मे 296. कमाल 90 दिवस धरले तर हाती येतात साधारण 26,600 रुपये. आणि ही मदत आयुष्यात एकदाच. दोन वर्षांचं विमा काढलेलं काम हवं. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचं अंशदान हवं, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही तेवढंच. ठेकेदार बदलला की काही जण कामगाराला नवा विमा क्रमांक काढून देतात. तसं होऊ देऊ नका, जुनाच क्रमांक द्या, नाहीतर दोन वर्षांचा हिशेब मध्येच तुटतो.

विमा कोणाला, याची मर्यादा महिना 21,000 रुपयांची, 1 जानेवारी 2017 पासूनची. दिल्लीत 1 एप्रिल 2025 पासून कुशल कामगाराचं किमान वेतन झालं 22,411 रुपये. म्हणजे कायद्याने ठरवलेलं कमीत कमी वेतन प्रामाणिकपणे मिळणारा दिल्लीचा कुशल कामगार या मर्यादेच्या बाहेर गेला. महिना 60,000 घेणारा संगणक अभियंता तर कधी आत नव्हताच. त्याच्यासाठी देशात बेकारीचा विमा नाही, नोटिशीच्या काळाचा पगार आणि स्वतःची बचत एवढंच आहे. किमान वेतन वाढल्यामुळे संरक्षण जावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

"राजीनामा दिला काय, काढलं काय, भत्ता तोच"

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. नोकरी स्वेच्छेने सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलं, तर अटल योजनेची मदत मिळत नाही. आणि राजीनामा हा स्वेच्छेने सोडल्याचा लेखी पुरावा आहे.

कपात करायची असली की अनेक ठिकाणी हेच घडतं. केबिनमध्ये बोलावतात. टाइप केलेला राजीनामा समोर ठेवतात. "सही कर, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. नाहीतर टर्मिनेशन लिहू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही." माणूस घाबरतो आणि सही करतो. त्या एका सहीने मघाशी मोजलेले 26,600 जातात. शिवाय कायद्याने कामगार ठरणाऱ्याला कपातीबद्दल मिळणारी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं वेतन, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत ठरलेलं, 45 दिवसांत खात्यात जमा व्हायचं पुनर्कौशल्य निधीतलं 15 दिवसांचं वेतन, हे सगळं मागणं अवघड होऊन बसतं.

धमकीतली गफलत ओळखायला हवी. कपात आणि शिस्तभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम कमी झालं म्हणून नोकरी गेली, यात कामगाराच्या वागण्याला कसलाही डाग नाही. कंपनी ईएसआयच्या पोर्टलवर महिन्याचा हिशेब भरताना कामाचे दिवस शून्य दाखवते, तेव्हा तिला कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'नोकरी सोडली' आणि 'कपात' ही दोन वेगवेगळी कारणं आहेत. तुमच्या नावापुढे कोणतं लिहिलं गेलं, याची चौकशी तुम्ही शाखेत करू शकता.

परदेशात घरी बसून पैसे मिळतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याला आठवड्याला 35 तासांपर्यंत काम शोधल्याचं दाखवावं लागतं, कसूर झाली तर रक्कम कापली जाते. जर्मनीत विमाधारकाला निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के मिळतात, आणि सबळ कारण नसताना राजीनामा दिला तर भत्ता साधारणपणे 12 आठवडे रोखला जातो. रोखला जातो, पण पुढे सुरू होतो. आपल्या अटल योजनेत नोकरी शोधल्याचा पुरावा कुणी मागत नाही, ही मोकळीक मोठी आहे. मात्र राजीनामा दिला की दार कायमचं बंद.

"पीएफ काढला म्हणजे भत्ता मिळाला"

पीएफ तुमचेच साठवलेले पैसे आहेत. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर 75 टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली 12 महिन्यांनी. गरज असेल तर काढा, पण शेवटचा पर्याय म्हणून. जुनी कंपनी नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

दवाखान्याचंही सांगून टाकतो. नोकरी गेली की ईएसआयचं कार्ड त्याच दिवशी निकामी होतं, असं समजून लोक आजारपणात खासगी दवाखान्यात कर्ज काढतात. तसं नसतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ अवलंबून असतात, ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरचे. कार्ड फेकू नका.

राजीनाम्याचा कागद समोर आला, तर त्याच दिवशी सही करू नका. एक दिवस मागा, कपात होत असेल तर तसं पत्र लेखी मागा, ते मिळालं नाही तर आपली मागणी ईमेलने कळवून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि जवळच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. पगाराच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या, विमा क्रमांक आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आजच एका पाकिटात घालून ठेवा, नोकरी शाबूत असली तरीही.