तिन्ही मजल्यांवर वायफाय : एका पेठेतील घराचा अनुभव

आमचे घर जुन्या पेठेतील. तळमजल्यावर धाकट्या बंधूंचे दुकान व त्यामागे गोदाम, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि आम्हा वडीलधाऱ्यांच्या खोल्या, दुसऱ्या मजल्यावर चिरंजीवांचा संसार. भिंती दगडी, दीड फूट जाडीच्या. आपल्यापैकी अनेक व्यापारी कुटुंबांची घरे अशीच असल्यामुळे हा अनुभव लिहावासा वाटला.

मागील वर्षी एका महिन्याच्या २० तारखेला रात्री अकराच्या सुमारास मी पाणी पिण्यासाठी उठलो. पाहतो तो सूनबाई अंधाऱ्या जिन्यात पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या. दुकानाचे जीएसटी विवरणपत्र त्याच भरतात. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "बाबा, वर वायफाय पोहोचत नाही. या पायरीवर दोन काड्या तरी दिसतात." कर देय असताना मुदत चुकली, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. परंतु मला त्या आकड्यांपेक्षा ती पायरी अधिक बोचली. घराचा हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीला घरात बसायला जागा नसावी, हे बरे नव्हे.

प्रथम आम्ही सोपा उपाय केला. जिन्यात एक रिपीटर लावला. काड्या वाढल्या, वेग मात्र वाढला नाही. कारण साधे आहे. एकाच लहरीवर काम करणारा रिपीटर ऐकलेले पुन्हा हवेतूनच सांगतो. त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय त्याला मुळातच क्षीण संदेश मिळत असेल, तर तो पुढे तरी काय देणार? मूळ राउटर दुकानात, लोखंडी तिजोरीशेजारी ठेवलेला होता. लोखंड या लहरी परतवते आणि दगडी भिंत त्या शोषून घेते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारी; २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूर जाते, पण संथ आणि शेजाऱ्यांच्या वायफायने गजबजलेली.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट आणि तो मूळ राउटरला तारेने जोडलेला. संदेश भिंतींतून तारेने न्यावा. हवेतून केवळ शेवटची काही पावले जाऊ द्यावीत. कॅट ६ जातीची केबल घरासाठी पुरेशी असते आणि एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे. ही केबल विजेच्या तारांच्या पाइपातून कधीही नेऊ नये. तिला वेगळा मार्ग द्यावा. घराची दुरुस्ती वा रंगकाम निघाले असेल, तर तेव्हाच हे काम उरकावे.

येथे माझी एक चूक प्रांजळपणे नमूद करतो. नवीन यंत्रावर खर्च कशाला, म्हणून माळ्यावरचा जुना राउटर मी तसाच जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातील बिलाचा संगणक, कार्डाचे यंत्र, सारेच बंद! बँकेतील उदाहरणाने कारण सांगतो. काउंटरवर टोकन देणारा शिपाई एकच असावा. दोन शिपाई आपापल्या मनाने टोकन वाटू लागले, तर एकाच क्रमांकाचे दोन ग्राहक उभे राहतात. राउटरमधील डीएचसीपी ही सोय नेमके हेच काम करते. ती मूळ राउटरवरच चालू ठेवावी. त्यातच माझ्या दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ताही एकच होता. त्या दिवशी बंधूंनी दुपारपर्यंत हाताने बिले लिहिली. ते मला काही बोलले नाहीत, म्हणून अधिक लाजलो.

जुना राउटर वापरता येतो. मात्र रीत पाळावी. त्याचा पत्ता बदलावा, डीएचसीपी बंद करावे आणि मूळ राउटरकडून आलेली तार त्याच्या वॅन नव्हे, तर लॅन खाचेत लावावी. काही राउटरांत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो. त्यात हे बदल आपोआप होतात.

पुढची मांडणी अशी. सर्व ठिकाणी वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तोच ठेवावा, म्हणजे मजला बदलताच फोन नवीन ठिकाणी स्वतः जोडला जातो. चॅनेल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. आम्ही तीन मजल्यांना तीन वाटून दिले. कोणत्या ठिकाणाला जोडायचे, हे मुख्यत्वे फोन ठरवतो. तो जुन्याच ठिकाणाला चिकटून राहत असेल, तर त्या यंत्राची प्रक्षेपण शक्ती थोडी कमी करावी. भोक पाडण्यापूर्वी फोनवरील मोफत अ‍ॅपने खोल्यांतून फिरून आकडे कागदावर मांडावेत. उणे ६७ पर्यंतचा आकडा कामास पुरतो. उणे ८० ला व्यवहार अडखळतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात लग्न झाले, तेव्हा आम्ही पासवर्ड सर्व पाहुण्यांना मोकळेपणाने सांगितला. पुढे लक्षात आले, की दुकानाच्या खातेवह्यांचा संगणक त्याच जाळ्यात होता. पाहुण्याला आपण दिवाणखान्यात बसवतो, तिजोरीच्या खोलीत नाही. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळे असावे आणि दुकानाचे जाळे घरापासून वेगळे असावे. केवळ वेगळे नाव दिल्याने जाळे वेगळे होत नाही. यासाठी राउटर, स्विच व अ‍ॅक्सेस पॉइंट या तिघांतही व्हीलॅनची सोय आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

वीज गेल्यावरचाही विचार व्हावा. पीओई पद्धतीत अ‍ॅक्सेस पॉइंटला त्याच केबलमधून वीज मिळते. त्यामुळे राउटर, फायबरचे यंत्र व पीओई स्विच एकाच यूपीएसवर ठेवले, की तिन्ही मजले चालू राहतात.

परवाच्या २० तारखेलाही मी रात्री उठलो. जिना रिकामा होता. वर दिवा दिसला, म्हणून हाक मारली. सूनबाई आपल्या टेबलापाशी बसूनच म्हणाल्या, "बाबा, विवरणपत्र साडेनऊलाच गेले. आता माझे वाचन चालले आहे."